शेवटच्या पानाची झेरॉक्स

सोमवारी दुपारी मासे विकणारी एक बाई आमच्या पोलीस ठाण्यात आली. त्याच संध्याकाळी सहा वाजता मी एका माणसाला घरी जाऊ दिले. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण तो सोमवार माझ्या मनातून गेलेला नाही.

बाई गोराईची. बोरिवलीच्या बाजारात बसायची. तिची बावीस वर्षांची मुलगी चार महिन्यांपूर्वी आखाती देशात घरकामाच्या नोकरीला गेली होती. दर शुक्रवारी तिचा फोन यायचा. दोन शुक्रवार तो आला नव्हता.

“पाठवलं कोणी तिला?” मी विचारले.

“वळखीचा एजंट हाय. तोच इमानात बसवून घेऊन गेला.”

“तो स्वतः गेला होता? नक्की?”

“सायेब, मी काय खोटं बोलते? पोर तिथं पोचल्यावर फोनवर बोलली, आये, दादा बाजूलाच हाय, घाबरू नको.” मग तिने आवाज खाली आणला. “शेवटच्या फोनला लय हळू बोलत होती. बोलली, दार भायेरून लावतात.”

एजंट आमच्याच हद्दीत राहायचा. तासाभरात त्याला आणले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, चेहऱ्यावर जराही घाम नाही.

“साहेब, मी फक्त फॉर्म भरून देतो. तिकडे कोण कोणाला ठेवतं, मला काय माहीत? मी तर अजून विमानाची पायरीसुद्धा चढलेलो नाही. बघा ना, पासपोर्टच मागच्या महिन्यात काढला.”

मी एकेक पान उलटले. एकही शिक्का नव्हता. शेजारी उभा असलेला हवालदार म्हणाला, “याची तर अजून बोहनीच झाली नाही, साहेब.” आम्ही हसलो. एजंटही हसला. मला वाटले, पोर दूर गेली म्हणून घाबरलेली बाई आहे, काहीतरी गोंधळ झाला असेल. पहिल्या पानाची झेरॉक्स ठेवून घेतली, ‘बोलावलं की यायचं’ अशी ताकीद दिली आणि त्याला सोडले.

मंगळवारी सकाळी दहा वाजता, ठाण्यात पासपोर्टच्या पडताळणीचे काम पाहणाऱ्या हवालदार बाईंनी तो कागद उचलला.

“साहेब, दुसरं पान कुठंय?”

“कसलं दुसरं?”

“शेवटचं. आईवडिलांचं नाव, पत्ता असतो ते. त्याच्याशिवाय आपण लोकांना दारातून परत पाठवतो, आणि तुम्हीच एक घेतलंत?”

माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी रजिस्टर काढले. एजंटच्या नावाची नोंद आमच्याच ठाण्यात होती. नव्या पासपोर्टसाठी नव्हे, मुदत संपत आलेल्या पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी.

“हा पहिला नाही, साहेब. जुन्याचा नंबर नव्याच्या शेवटच्या पानावर छापलेला असतो.”

संध्याकाळचे सहा ते सकाळचे दहा. मी मनात मोजले. सोळा तास.

विमानतळावरच्या इमिग्रेशन विभागाला तातडीने पत्र गेले. लोकांना वाटते, शिक्क्यांची पुस्तिका गेली की प्रवासही पुसला जातो. तसे नसते. नाव, जन्मतारीख, जुना आणि नवा क्रमांक यांवरून माणसाच्या साऱ्या फेऱ्या एकत्र सापडतात. दुपारी उत्तर आले. जुन्या पासपोर्टवर एजंटच्या पाच फेऱ्या होत्या. पाचव्या वेळी तो त्या मुलीच्याच विमानात होता. चार दिवसांनी परतला, तेव्हा एकटा.

तो घरीच सापडला, जेवत होता. ठाण्यात मी ती यादी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली.

“जुना तर मी जाळला होता, साहेब.”

“मुलगी कुठे आहे?”

मी पुन्हा विचारले. चौथ्यांदा विचारल्यावर त्याने एका इमारतीचा पत्ता सांगितला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, “पण आता उपयोग नाही. काल तुम्ही सोडलंत ना, तेव्हा रिक्षातूनच मी तिकडे फोन केला. बोललो, पोलीस विचारतायत, हलवा तिला.”

मी तो पत्ता लगेच तिथल्या आपल्या वकिलातीला कळवला.

आमच्या वकिलातीची माणसे तिथल्या पोलिसांसह त्या इमारतीत गेली. खोलीला बाहेरून कडी होती, आत कोणी नव्हते. शेजाऱ्याने सांगितले, सोमवारी एका मुलीला गाडीत बसवून नेले. कुठे, ते त्याला माहीत नव्हते. तिचा आणि आधीच्या चार फेऱ्यांत एजंटने नेलेल्या बायकांचा शोध पुढे दोन वर्षे चालला. आधीच्या फेऱ्यांतल्या बायका एकेक करून सापडल्या. एजंटला शिक्षा झाली. आमच्या तपासाचे कौतुक झाले आणि मी ते मान खाली घालून ऐकले.

नोकरीत मी कागद वाचायला शिकलो, असे मला वाटायचे. त्या दिवशी कोऱ्या पानांना मी पुरावा मानले आणि एका आईच्या सांगण्याला गोंधळ. ती जे बोलली होती, त्यातला शब्द न् शब्द खरा निघाला. तिला भीती वाटत होती, म्हणून मी तिचे कमी ऐकले. खरे तर त्याच कारणाने जास्त ऐकायला हवे होते.

विमानतळावरच्या नोंदीत त्या मुलीच्या जाण्याची तारीख आहे. परत येण्याची नाही.