श्रीखंडानंतरचं ब्लूग्रास

चहा घ्या आधी, थंड होईल. बिस्किटं नको म्हणता? बरं, राहू द्या. आग्रह करायचं मी सोडलंय! का सोडलं, तेच तर सांगायला बसलेय. अशी फजिती झाली ना बाप्पा, की कॅनडातल्या आमच्या ग्वेल्फमधली मराठी मंडळी अजून मला बघितलं की मुद्दाम जांभई देतात.

मी मँडोलिन वाजवते, हे तुम्हाला माहीतच आहे. हौस म्हणून नाही हं, पोटापाण्यासाठी! नागपूरहून आले तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये होते. मग एकदा लायब्ररीच्या बेसमेंटमध्ये ब्लूग्रास, म्हणजे अमेरिकेतलं गावरान लोकसंगीत, ऐकलं आणि गेलेच कामातून. बँजो, फिडल, मँडोलिन आणि वेग असा, की ऐकणाऱ्याला धाप लागावी! त्यात तबला नाही, ढोलकी नाही. ठेका मँडोलिनने धरायचा. म्हणजे मी! आता आठवडाभर शिकवण्या, शनिवारी फार्मर्स मार्केट, मधूनच कुणाचं लग्न नाहीतर एखादा पब. आणि सांगते, मी चांगली वाजवते. उगाच लाजायचं कशाला?

बँड आमचा तिघांचा. बँजोवर डग, शेतकऱ्याच्या घरातला, दारातून वाकून आत येणारा आडदांड गडी. फिडलवर क्लेअर, नुसती काडी. आणि मधे मी.

तिघांना ध्यास एकच. उन्हाळ्यातल्या मोठ्या फोक फेस्टिव्हलचं मेन स्टेज! तिथे एकदा वाजवलं की वर्षभराची कामं आपणहून चालत येतात. तिथले बँड निवडायची मार्गारेट नावाची बाई. दर वर्षी तिची ईमेल यायची, ‘लव्हली म्युझिक, पण यंदा नाही.’ शेवटी मी तिला फोनच केला. म्हटलं, रेकॉर्डिंग काय ऐकतेस, घरी ये. रविवारी दुपारी आमच्या लिव्हिंग रूममध्ये हाउस कॉन्सर्ट ठेवते. सोफे बाजूला सारायचे, मराठी मंडळाच्या खुर्च्या मांडायच्या, शेजारपाजारचे बोलवायचे. झालं थिएटर.

आणि ती हो म्हणाली! आता बाई बर्फातून एवढी लांब गाडी चालवत येणार. तिला जेवायला नको सांगायला?

“आधी कार्यक्रम, मग जेवण,” माझा नवरा मिलिंद ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसता उपसता म्हणाला.

“रिकाम्या पोटी कलाकार वाजवतो का कधी?”

“वर्षा, सँडविच दे गं सगळ्यांना.”

सँडविच! माझ्या घरी!

बेसमेंटमधल्या पाइपला चक्क्यासाठी दही टांगलं. श्रीखंड, पुऱ्या, मसालेभात, बटाट्याची भाजी, भजी. श्रीखंडात केशर घातलं, वेलची घातली आणि जायफळ किसायला घेतलं. आता माझा हात आहे सढळ, त्याला काय करणार? किसत गेले, किसत गेले. तुम्ही हसताय म्हणजे तुम्हाला आत्ताच कळलं. मला नाही कळलं!

डग, क्लेअर, मार्गारेट, सगळे जेवायला बसले. डगने श्रीखंडाची वाटी संपवली, मी वाढलं.

“ओह, नो थँक यू, वर्षा.”

आता मला सांगा, आपल्यात पहिलं ‘नको’ कुणी खरं धरतं का? मी वाढलंच. त्याने ताट पुन्हा चाटूनपुसून लख्ख केलं. पाहुण्याच्या पुढ्यात रिकामं ताट! मी पुन्हा वाढलं. नंतर कळलं की डगला त्याच्या आईने लहानपणीच बजावलं होतं, लोकांकडे गेलास की ताटात काही टाकायचं नाही. म्हणजे तो संपवतोय म्हणून मी वाढतेय आणि मी वाढतेय म्हणून तो बिचारा संपवतोय!

क्लेअरने ताटावर आडवा हात धरला. मी तिच्या बोटांच्या फटीतून पुरी सरकवली.

मार्गारेटने मिलिंदला हळूच विचारलं, “इज देअर अ पोलाइट वे टू स्टॉप हर?”

“नाही,” मिलिंद म्हणाला. “आमचं लग्न असंच झालं.”

कलाकारांना सोबत म्हणून मीही जेवले. चांगलीच जेवले.

कार्यक्रमाला खोली भरली. मार्गारेटला मी सगळ्यांत पुढे, मिलिंदच्या रिक्लायनरमध्ये बसवलं, पाय वर करून. डगने बँजो गळ्यात घातला तर पट्टा पुरेना. तो दोन भोकं सैल केला, तेव्हा कुठे बँजो पोटावर टेकला. सुरुवातीलाच आम्ही आमची सगळ्यांत जलद धून घेतो. मी ठेका दिला. मला वाटलं, जलद दिला.

दुसऱ्या रांगेत जोशीकाका होते, रिटायर्ड डॉक्टर, शास्त्रीय संगीताचे भक्त. ते बायकोच्या कानात कुजबुजले. कुजबुजले कसले, अख्ख्या खोलीला ऐकू गेलं. “ख्याल दिसतोय. विलंबितात घेतलाय.”

पुढचं गाणं तिघांनी एका माइकभोवती उभं राहून म्हणायचं. डगने पहिल्या सुरासाठी तोंड उघडलं आणि त्याला जांभई आली. त्याची बघून क्लेअरला आली. तिची बघून मला! शब्द कुणी म्हटलेच नाहीत, नुसता लांबलचक ‘आऽऽ’ लागला. टाळ्या मात्र पडल्या हो! जोशीकाका म्हणाले, “वा, आलाप छान!”

आणि तेवढ्यात मी मार्गारेटकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले.

आता आपल्याकडे श्रोत्याने डोळे मिटले म्हणजे काय? समाधी! गाणं थेट आत पोचलं! माझा जीव असा सुपाएवढा झाला. मी डगला खूण केली, असंच, आणखी हळू. स्वयंपाकघराच्या दारातून मिलिंद दोन्ही हातांची उशी करून गालाखाली धरून दाखवत होता. मला वाटलं, म्हणतोय, किती शांत वाटतंय! मार्गारेटची मानही डोलायला लागली. मग खर्जातला एक भरदार सूर आला. मी डगकडे पाहिलं, डगने माझ्याकडे. सूर रिक्लायनरमधून येत होता. क्लेअर अर्धवट झोपेतच होती, तिने फिडल त्या सुराशी मस्तपैकी जुळवून घेतली.

शेवटच्या टाळ्यांनी मार्गारेट दचकून उठली आणि डोळे पुसायला लागली. मला तर तिचे डोळे पाणावलेलेच दिसले!

“इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं,” ती म्हणाली आणि मला मिठी मारून गेली.

काही दिवसांनी ईमेल आली. पहिलीच ओळ, ‘वी वुड लव्ह टू हॅव यू धिस समर!’ बस्स! पुढे वाचायचं भान कुणाला? मी नागपूरला आईला फोन लावला. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, ‘मेन स्टेज!!’ डग तर फोनवर रडला. अभिनंदनांचा पाऊस पडत होता आणि माझी लेक मीरा सोफ्यावर बसून माझ्या फोनमध्ये बघत होती.

“आई, डिड यू स्क्रोल डाउन?”

“वाचलंय मी.”

“नो, यू डिडन्ट. इट्स द किड्स टेंट. राइट आफ्टर लंच. नॅप टाइम.”

मी फोन हिसकावून घेतला. खाली स्पष्ट लिहिलं होतं, ‘लहान मुलांना झोपवण्यासाठी तुमच्याइतका योग्य बँड मला आजवर मिळाला नव्हता.’

खरं सांगते, मला रडू आलं. जगातलं सगळ्यांत पळतं संगीत आमचं आणि आम्ही अंगाईवाले? मग डोकं फिरलं. म्हटलं, ठीक आहे. आता दाखवतेच!

फेस्टिव्हलच्या दिवशी सकाळपासून तिघांनी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. डग केविलवाणा होऊन विचारत होता, “ते पिवळं गोड नाही आणलंस?” मी ऐकलंच नाही. तंबूत सतरंज्यांवर बाळं ओळीने निजवलेली. मी ठेका दिला आणि आम्ही सुटलो! आयुष्यात तसं वाजवलं नव्हतं. डगची बोटं दिसेनात, क्लेअरच्या फिडलच्या गजाचे केस तुटून लोंबायला लागले. एकेक बाळ टक्क जागं झालं. अर्धी उठून नाचायला लागली, उरलेल्यांनी भोकाड पसरलं. आया आमच्याकडे अशा बघत होत्या, की नजरेनेच मारतील.

मी घामाघूम, पण ताठ मानेने उभी. म्हटलं, आता तरी हिला कळेल, मेन स्टेज कुणाचं ते!

तेवढ्यात मार्गारेट धावत आली. चेहरा पार उतरलेला.

“व्हॉट हॅपन्ड, वर्षा? त्या दिवशी घरी किती सुंदर वाजवलं होतंत! आज काय झालं?”

मी म्हटलं, “सॉरी हं. आज रिकाम्या पोटी वाजवलं.”