बोटीवरचं जेवण आणि बाबांचा हात

आई-बाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी माझ्या भावाने परदेशातून बोटीच्या सहलीची तिकिटं पाठवली, तेव्हा विरारच्या आमच्या सोसायटीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मुंबईहून निघून गोवा, कोची, लक्षद्वीप करून परत. तिसरं तिकीट माझं होतं, कारण बरोबर कुणीतरी हवं. मी शाळेत शिकवते. लोकांबरोबर जाणं आणि वाटभर त्यांना सूचना देत राहणं, ही दोन्ही कामं मला जमतात असा घरात समज आहे.

कुणाला बोट लागेल का, बुडेल का, असले प्रश्न पडले. आईने एकच विचारला. "जेवन कुठं असतं? खोलीत का सगळ्यांबरोबर?"

त्या प्रश्नामागे बाबांचा उजवा हात होता. दोनेक वर्षांपासून तो थरथरतो. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हात पूर्वीसारखा होणार नाही, आणि कुणी बघतंय असं वाटलं की थरथर वाढेल. झालंही तसंच. घरात दार लावलेलं असलं की बाबा निवांत वरणभात जेवायचे. पाहुणा आला की चमचा ताटावर वाजायला लागायचा. एका लग्नात त्यांच्या हातातली कढीची वाटी शेजारच्या बाईंच्या साडीवर गेली. बाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून बाबांनी चारचौघांत जेवणं सोडलं. सोसायटीच्या सत्यनारायणाला पदर खोचलेल्या बायकांनाही मागे सारून आमटी वाढणारा हा माणूस प्रसादाचं ताट वर घरी मागवू लागला. पुढे पुढे ते लग्नकार्यालाच जाईनासे झाले.

"बोटीवर ते मानसांत बसून जेवतील," आईने जाहीर केलं. "त्यासाठीच जायचं. समुद्र काय, तो राजोडीलाबी आहे."

आई मूळची नालासोपाऱ्याजवळच्या गास गावची. माहेरी भातशेती. विरारला फ्लॅटमध्ये येऊन इतकी वर्षं झाली, तरी तिच्या बोलण्यातला 'न' काही गेला नाही आणि तिने घालवायचा प्रयत्नही केला नाही. तिचा निश्चय ऐकून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, खोलीत जेवण मागवता येतं, वरच्या मजल्यावर बुफे असतो, तिथे कोपरा बघू, उगीच त्यांना लोकांसमोर कशाला बसवायचं? आई म्हणाली, "तू तुझ्या शाळेत बघ."

मग बोटीच्या कंपनीकडून कपड्यांच्या सूचना आल्या. दिवसा काहीही चालेल. संध्याकाळी जेवणाच्या मोठ्या हॉलमध्ये हाफ पँट आणि रबरी चपला चालणार नाहीत. आणि एक रात्र 'फॉर्मल नाईट', म्हणजे पुरुषांनी सूट, बायकांनी साडी किंवा गाऊन. बाबांनी वाचून कागद बाजूला ठेवला. म्हणाले, "मी त्या रात्री झोपतो." शर्टाची बटणंसुद्धा त्यांना लावता येत नव्हती, हे कारण त्यांनी सांगितलं नाही.

आईला सांगायची गरज नव्हती. तिने त्यांचे तीन चांगले शर्ट काढले, काजांवर बटणं नुसती शोभेला शिवून टाकली आणि आतून टिचबटणं लावली. दोन बोटांनी दाबलं की झालं. भावाच्या लग्नातला सूट काढून पँटला मागे इलॅस्टिक घातलं. गाठ मारलेला, मागे इलॅस्टिक असलेला टाय नालासोपाऱ्याच्या बाजारातून आणला. तो शाळेतल्या पोरांसाठी असतो, पण आईने दुकानदाराला मोठ्यांच्या मापाचा शोधून काढायला लावला. बूट बिननाडीचे घेतले. मी नुसतं बोलत होते, आणि तिच्या हातून काम उरकत होतं. सगळं झाल्यावर बाबांनी शर्ट घालून बघितला, आरशात बघून म्हणाले, "बरा बसतो." खूप दिवसांनी त्यांनी शर्ट स्वतःच्या हाताने घातला होता.

पहिल्या दिवशी बोटीवर चढताना आईची आणि तपासणीवाल्याची जुंपली. घरचं खाणं बोटीवर चालत नाही, हे मी दहादा सांगूनही तिने केळीच्या पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, बॅगेत घातली होती. तपासणीवाल्याने पुडकं काढून ठेवलं. आई त्याला म्हणाली, "ठेव बाबा, पन टाकू नको. खा." त्याने खाल्ली की नाही, देव जाणे.

बोट म्हणजे काय, हे मी वर्णन करत बसत नाही. आमच्या सोसायटीच्या चारही इमारती तिच्यात मावतील. जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी मात्र सांगते, कारण मला कुणी सांगितल्या नाहीत. मोठी बॅग खोलीत पोचायला संध्याकाळ होते, तेव्हा औषधं आणि एक जोड कपडे हातात ठेवा. जेवणाच्या हॉलमध्ये एसी इतका असतो की दात वाजतात, शाल न्याच. काटे-चमचे बरेच असतात. सगळ्यात बाहेरचा आधी उचलायचा आणि आत येत जायचं. आवडलेला पदार्थ पुन्हा मागता येतो, नावडता परत करता येतो, कुणी तोंड वाकडं करत नाही. आणि हॉलमधलं टेबल ठरलेलं असतं. रोज तीच जागा, तीच समोरची माणसं.

आमच्या समोर सुरतचं एक वयस्क जोडपं होतं. पहिल्या रात्री बाबा आले नाहीत. दुपारी त्यांनी वर बुफेत कोपऱ्यात बसून हातात धरून खायचे पदार्थ, म्हणजे इडली आणि सँडविच, खाल्ले होते आणि रात्री म्हणाले, पोट भरलंय. त्यांची खुर्ची रिकामी बघून सुरतच्या काकूंनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी तोंड उघडणार, बोट लागली म्हणून सांगणार, तेवढ्यात आई म्हणाली, "तब्येत अच्छी है. हाथ कापता है उनका. सांडता है, तो सबके सामने खाने को शरम लगती है."

मी टेबलाखालून आईच्या पायावर पाय दिला. खोलीकडे जाताना तिला झाडलंच. बाबांची इतकी खाजगी गोष्ट परक्यांना सांगायची? ती शांतपणे चालत होती. म्हणाली, "लपवलं की वाढतं. त्यांना वाटतं, लोकांना ठाऊक होईल. आता झालं ठाऊक. पुढं काय?"

पुढे असं झालं, की काकूंच्या यजमानांनी आईचं ऐकून टेबलावरच हसत सांगितलं होतं, त्यांचे वरचे सगळे दात खोटे आहेत आणि सफरचंद खायचं तर ते काढून ठेवावे लागतात. आईने खोलीत गेल्या गेल्या हे बाबांना सांगितलं. बाबा आधी चिडले, मग त्यांनी विचारलं, "कुठे ठेवतो काढून? टेबलावर?" आणि हसायला लागले. मला आईचा राग आलेला असतानाही कौतुक वाटलं. मी दोन वर्षं बाबांना समजावत होते. ती समजावत बसली नव्हती.

तरी दुसऱ्या रात्रीही बाबा आले नाहीत. तिसरी रात्र फॉर्मल नाईट होती आणि लग्नाचा वाढदिवसही. दुपारी मी आईकडून वचन मागितलं, की वाढदिवसाचं वेटरला सांगायचं नाही. तिथे वाढदिवस कळला की वेटर केक आणून टाळ्या वाजवत गाणं म्हणतात आणि अख्खा हॉल वळून बघतो. बाबांना ते झेपणार नाही. आई म्हणाली, "बरं." आईच्या 'बरं'चा अर्थ एवढ्या वर्षांत मला कळायला हवा होता.

संध्याकाळी आईने हिरवी पैठणी नेसली, अंबाडा घातला. बाबांनी सूट चढवला. टिचबटणं पटापट बसली, टाय डोक्यातून घातला, बूट पायात सरकवले. "एवढं केलंच आहेस तर येतो," ते म्हणाले, "पण मी जेवणार नाही." हॉलमध्ये शिरताना ते खरोखर रुबाबदार दिसत होते. सुरतच्या काकांनी उठून त्यांच्याशी हात मिळवला आणि थरथरणारा हात दोन्ही हातांत जरा वेळ धरून ठेवला.

टोमॅटोचं सूप आलं. बाबांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि वेटरला मानेने नको म्हटलं. सूप परत गेलं. पुढची भाजी-पुलावाची ताटलीही तशीच परत गेली. काका-काकू आपापलं जेवत होते, इकडचं तिकडचं बोलत होते, कुणी आग्रह केला नाही. आई चवीने जेवत होती. मी ताटलीतला पुलाव नुसता इकडून तिकडे सारत होते. बाबा आले आणि उपाशी बसले, हे न येण्याहून वाईट होतं.

आणि मग दिवे थोडे मंद झाले आणि वेटरांची रांग टाळ्या वाजवत आमच्याच टेबलाकडे यायला लागली. पुढच्याच्या हातात केक. मी आईकडे बघितलं. ती पदर सावरत उभी राहत होती. अख्खा हॉल वळला, फोन वर झाले. बाबांचा चेहरा उतरला. टेबलाखाली त्यांचा हात इतका हलत होता की टेबलावरचे ग्लास किणकिणत होते. मला त्या क्षणी आईला ओढून खाली बसवावंसं वाटलं.

गाणं संपलं. आईने केकचा तुकडा काटा-चमचा बाजूला सारून सरळ बोटांनी उचलला आणि काकूंना म्हणाली, "हमारे में शादी में ऐसा करते हैं. नाम लेके घास देते हैं." मग मोठ्या आवाजात मराठीत उखाणा घेतला:

"भात पिकतो गासला, मीठ पिकतं आगरात,
…रावांना घास भरवते भर सागरात."

नाव मी इथे गाळलं आहे. तिने ते ठणकावून घेतलं. बाबांनी तोंड उघडलं आणि घास घेतला. टाळ्या झाल्या. एवढ्यावर सगळं निभावलं असतं. बाबांनी दोन वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर काहीतरी खाल्लं होतं आणि हात टेबलाखालीच होते. मी काटा पुन्हा हातात घेतला.

आई उभीच होती. "आता तुम्ही," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. "अगं," ते हळूच म्हणाले, "नको." तिने फक्त तोंड उघडलं आणि थांबली, लग्नातल्या नवरीसारखी, चारशे माणसांसमोर.

बाबांनी हात वर काढला. तो भयंकर हलत होता. त्यांनी केकचा तुकडा उचलला, त्यातला अर्धा पडला. उरलेला घेऊन ते उभे राहिले. हात तिच्या गालाला लागला, मग हनुवटीला. क्रीम पैठणीच्या काठावर सांडलं. आईने हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं असतं तर एका क्षणात झालं असतं. तिने धरलं नाही. ती तोंड उघडून, त्यांच्याकडे बघत थांबून राहिली. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. बाबांना उखाणा येत नव्हता. आयुष्यभर 'अगं' म्हणणाऱ्या त्या माणसाने नुसतं तिचं नाव घेतलं आणि घास तिच्या तोंडात गेला.

या वेळच्या टाळ्या मला नीट ऐकूही आल्या नाहीत. आई खाली बसली, क्रीम लागलेला गाल तसाच ठेवून केक चावत राहिली. लोक आपापल्या ताटांकडे वळले. बाबा बसले. त्यांचे हात आता टेबलावर होते, हलत होते, आणि त्यांनी ते खाली घेतले नाहीत.

वेटर केकच्या बशा गोळा करायला आला, तेव्हा बाबांनी त्याला थांबवलं.

"ते सूप उरलंय का?" त्यांनी विचारलं. "मला भूक लागलीय."

सूप आलं. पांढऱ्या टेबलक्लॉथवर लाल ठिपके पडत गेले, कोटाच्या बाहीवरही पडले. तो वाडगा संपायला बराच वेळ लागला. आमच्या टेबलावरून तोवर कुणी उठलं नाही.