तेल पाजलेला निरोध

आमच्या घरात बाईला मार बसायला फार मोठं कारण लागायचं नाही. भाकरी करपली, वासरू सुटलं, सुनेनं मान वर करून उत्तर दिलं, एवढं पुरे. झरीजवळच्या त्या गावात मी धाकटी सून म्हणून गेले आणि पहिल्याच आठवड्यात थोरल्या दिरांनी कासरा दुहेरी करून माझ्या जावेच्या पाठीवर ओढलेला पाहिला. सासूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्या फोडतच राहिल्या. मला त्या घराची तेव्हा जी शिसारी आली ती आजतागायत गेलेली नाही.

विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती ती. कुठं बंद, कुठं दगडफेक, कुठं जाळपोळ, त्याची चर्चा पारावर तासन्‌तास चाले. आमच्या घरात जे चालायचं त्याची चर्चा कुणी करत नसे.

थोरले दीर म्हणजे मोटेचा माणूस. विहिरीवर वीज आली, मोट अडगळीत गेली, पण त्यांचा तोरा गेला नाही. कातड्याची मोट ते पाणी भरून टांगायचे, थेंब पडतो का बघायचे आणि मग तिला करडईचं तेल पाजायचे. तेलानं चामडं मऊ राहतं, चिरत नाही. "माज्या हातची मोट कंदी गळली न्हाई," हे वाक्य ते जेवताना, भांडताना, पाहुण्यांसमोर, कुठंही काढत.

जाऊ शेवटच्या बाळंतपणात मरता मरता वाचली होती. आता पुन्हा दिवस गेले तर बाई हाताला लागणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. ऑपरेशनचं नाव काढलं की सासूबाई अंगावर यायच्या. मग नर्सबाई निरोधची पाकिटं देऊन गेली. दिरांनी ती मुकाट्यानं घेतली, त्यालाही कारण होतं. कुटुंब नियोजनाच्या शिबिरात एका साहेबानं शाळेच्या पटांगणात निरोधात तांब्याभर पाणी भरून तो लिंबाच्या फांदीला टांगून दाखवला होता. थेंब गळला नाही. बाया पदराआड हसल्या, पुरुष इकडंतिकडं बघायला लागले. दीर तेवढे पुढं होऊन खालून निरखत राहिले. गळत नाही म्हणजे माल चोख, ही भाषा त्यांना कळणारी होती.

मग त्यांनी आपली रीत बसवली. प्रत्येक निरोध आधी कडब्याच्या खोलीत पाणी भरून खुंटीला टांगायचा. जावेनं मला हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. "अक्का, मोट हाय का ती?" म्हटलं. तीही हसली. पुढं काय होणार ते आम्हाला दोघींना कुठं माहीत होतं!

आणि तिला दिवस गेले.

दुपारची वेळ होती. दिरांनी भाऊबंद बोलावून ओसरीवर बसवले आणि जावेला केसाला धरून अंगणात ओढत आणलं. पहिली लाथ कमरेत बसली, दुसरी पोटात. ती दुमडून पडली तसा कासरा सुरू झाला. "कुणाचं हाय? नाव सांग! येकेक पाणी भरून बघितलाय म्या. वाळवून, मोटेवानी तेल पाजून डब्यात ठिवलाय. येक बी गळला न्हाई! मग ह्ये आलं कुठून?" भाऊबंदांनी माना डोलावल्या. दिरांच्या हातची मोट कधी गळली नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "दिवस मावळायच्या आत नाव सांगितलं न्हाईस तर विहिरीत घालतो," दीर म्हणाले. ते नुसतं बोलणारे नव्हते.

मी दाराआड उभी होते. तेल हा शब्द ऐकला आणि माझं डोकं सणकलं.

सोनपेठला माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवायची, बुडबुडे कुठं येतात ते बघायचं, यातच माझं लहानपण गेलं. तेलाच्या हातानं ट्यूब धरली की वडील पाठीत धपाटा घालायचे. तेलानं रबर सडतं, म्हणायचे. पाणी आत्ताचं भोक दाखवतं, नंतर पडणारं दाखवत नाही.

त्या घरात धाकटी सून थोरल्या दिरांपुढं येत नसे, त्यांच्याशी बोलणं तर लांबच. मी निघाले तसं माझ्या नवऱ्यानं मनगट धरलं. त्याला मी कडकडून चावले. कडब्याच्या खोलीतून दिरांचा डबा आणला, एक न फोडलेलं पाकीट आणलं आणि पाण्यानं भरलेली बादली अंगणात आदळली.

"तेल पाजल्यावर परत पाणी भरून बघितलंत का भावजी?"

कासरा माझ्यावर उगारला गेला. खांद्यावर बसला, तो वळ पुढं कित्येक दिवस निळा होता. मी हलले नाही. पाकीट फोडून त्यातला कोरा निरोध तांब्याभर पाण्यानं भरला, गाठ मारली आणि ओसरीच्या खांबाला टांगला. तो लटकत राहिला, शिबिरातल्यासारखा. मग डब्यातला तेलकट घेतला. अर्धा तांब्याही गेला नसेल, तोच तो फाटला आणि पाणी दिरांच्या पायावर पडलं.

"तुजं नख लागलं," दीर ओरडले. कासरा टाकून त्यांनी डब्यातला दुसरा स्वतः उचलला. मोट भरणारे ते हात, किती जपून पाणी ओतत होते! तो त्यांच्या मुठीतच फुटला. तिसरा घेतला, तोही फुटला. त्यांच्या धोतरावरून पाणी ओघळत होतं. भाऊबंद घसे खाकरत उठले आणि वहाणा शोधायला लागले.

सासूबाईंनी तेवढ्यात निकाल लावला. "चला, घरचंच हाय म्हणायचं. ऊठ गं, पावण्यांला च्या टाक."

जाऊ उठली नाही. सांडलेलं पाणी तिच्याकडं ओघळत गेलं होतं आणि तिच्या लुगड्याखालून परत येताना लाल झालं होतं. मी किंचाळले. बंदमुळं एसटी नव्हती. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये गोधडी टाकून तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती माझा हात दाबायची आणि मी दिरांना तोंडावर शिव्या द्यायची. ते ट्रॉलीच्या कोपऱ्यात बसून ऐकत होते.

बाई वाचली, मूल गेलं. डॉक्टरीणबाईंनी पाठीवरचे वळ बघून विचारलं, हे कसं झालं?

"पायरीवरून पडली," दीर म्हणाले.

जाऊ भिंतीकडं तोंड करून पडली होती. इतक्या वर्षांत नवऱ्यासमोर तिनं परक्या माणसाला कधी उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. ती हळूहळू वळली.

"पडले न्हाई बाई. ह्यानं मारलं," ती म्हणाली. "ह्यो माणूस समदं टांगून, निरखून बघतो, मगच इश्वास ठिवतो. मला मारायच्या आदी तेवढं कायबी बघितलं न्हाई. पोटात ह्याचंच व्हतं."

दीर भिंतीला टेकून खाली बसले. ओठ सुकले होते, जीभ फिरवत होते. माठ माझ्या हाताशीच होता. मी त्यांना पाणी विचारलं नाही.