शनिवारी तुटणारी लाइन

कुठेही चढायचं झालं की पाडेली आधी पायांतल्या वहाणा काढी. मग तो माड असो, लोखंडी खांब असो की आमच्या पडवीतलं स्टूल. माझ्या खोलीत राउटरपुढेही तो अनवाणीच उभा राही, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "दिवो खंयचो पेटता? लाल की हिरवो?"

माडावरून नारळ पाडणाऱ्याला आमच्याकडे पाडेली म्हणतात. मसुऱ्याच्या बाजूच्या आमच्या वाडीत इंटरनेटची केबल आली ती माडा-फणसांवरूनच, म्हणून केबलच्या मालकाने दुरुस्तीला त्यालाच ठेवून घेतला. साठी ओलांडलेला माणूस, उजव्या गुडघ्यावर कायम पट्टा. रोज नारळ पाडण्यापेक्षा वायरीमागे फिरणं त्याच्या गुडघ्याला झेपत होतं. कागदावर त्याच्याकडे काही नव्हतं. "वाकड्या माडाकडचो सांधो", "पायरीच्या आंब्याकडचो सांधो" अशी सगळी लाइन त्याला पाठ.

मी ओरोसला सरकारी कचेरीत कारकून. धाकटा भाऊ बाळू मस्कतला. त्याने मला लॅपटॉप पाठवला आणि दर शनिवारी दुपारी आम्ही दोघे त्यावर बुद्धिबळ खेळू लागलो. लहानपणापासून बाळूच जिंकत आलेला. वडील चारचौघांत हसत म्हणायचे, "थोरल्याचा डोक्या जरा मंद." मीही हसायचो. पन्नाशी उलटली तरी ते वाक्य पोटात तसंच होतं, हे मी घरातही कधी बोललो नाही.

सुरुवातीला लाइन खरोखरच तुटायची. भाजावळीत शेतातला पालापाचोळा पेटवला की खाली लोंबणारी वायर वितळे. माकडं वायरीला झोंबत. खाऱ्या हवेने जोडाची टोकं हिरवी पडत. पाडेली ती कापून नवी लावी, सांध्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधी आणि खाली उतरून पट्ट्यावरून गुडघा चोळत म्हणे, "आता चार म्हयने बघूक नको."

अशाच एका शनिवारी माझा वजीर अडकला होता आणि दोन चालींत मी हरणार होतो. तेवढ्यात लाइन गेली. बाळूचा फोन आला, "दादा, मोडलेलो डाव धरूचो नाय हां. फुडच्या शनवारी नव्यान."

मी हरता हरता सुटलो. पुढच्या शनिवारी पुन्हा हरायला लागलो, तेव्हा टेबलाखालच्या बोर्डावरचं राउटरचं बटण मी पायाच्या अंगठ्याने बंद केलं. पाच मिनिटांनी चालू केलं. त्यानंतर किती शनिवार असं केलं ते मला सांगता येणार नाही.

बाळू भला माणूस. दादाच्या लाइनीचं काहीतरी करायला हवं म्हणून तो तिकडून पाडेलीला फोन करी. पाडेली भर दुपारी जेवण टाकून येई. "दिवो खंयचो होतो, अण्णानू?" मी म्हणे, "लाल." मग तो वहाणा काढून वाकड्या माडावर चढे, तिथून आंब्यावर. मी खिडकीतून बघत असे. एकदा उतरल्यावर तो म्हणाला, "ह्याच सांध्यार चार घरां आसत. तीन घरांत नेट चालू, एक तुमचाच कसा जाता?" मी म्हटलं, "माका काय ठावक?"

काहीच सापडेना तेव्हा त्याने राउटरपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. आमची ही थट्टा करायला लागली, पण तो गंभीर होता. "बा देवा म्हाराजा, ह्या लायनीत जी काय इडापिडा आसा ती भायर काढ रे म्हाराजा. कोणाकडसून कळान नकळान चूक झाली आसात तर ती पदरात घी रे म्हाराजा." गाऱ्हाण्याला साथ द्यावी लागते. खोलीत पुरुषमाणूस मी एकटाच. मी हात जोडून म्हटलं, "व्हय म्हाराजा."

शेवटी बाळूने थेट मालकाकडे तक्रार केली. मालक स्वतः बघायला आला. तो पडवीत चहा घेत होता तेव्हा पाडेली पुढे खोलीत आला आणि टेबलाखाली वाकला. बोर्डावर सगळीकडे धूळ होती, राउटरचं बटण तेवढं लख्ख. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा पंचा काढला आणि अख्खा बोर्ड स्वच्छ पुसून काढला. "वयनी, बोर्डार धूळ किती ती!" एवढंच मोठ्याने म्हणाला.

मालक आत आला. "अण्णा, म्हाताऱ्याला जमतंय का हो? खरं काय ते सांगा."

मी म्हटलं, "बघतो तो नीट. पण..."

मालकाला तेवढं पुरलं. पाडेली दारात उभा होता, तो वहाणा घालून निघून गेला.

आठवड्याभरात लाइन दुसऱ्याकडे गेली आणि पाडेली पुन्हा नारळ पाडू लागला. एका सकाळी ओरोसच्या बसमधून मला तो दिसला. माडाच्या अर्ध्यावर खोडाला मिठी मारून थांबला होता, वरही जाईना आणि खालीही येईना. मी खिडकीतून तोंड आत वळवलं.

पावसाआधी तो देवबागला लेकीकडे राहायला गेला. महिन्याभराने मी तिथे गेलो. अंगणात पाय पसरून बसला होता, पट्टा सोडलेला. मी सगळं बोललो. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "भावाक सांगलास?"

"नाय."

"मगे माका कित्याक सांगतास? माका ठावक होताच." लेकीने सरबत आणलं. तो तिला म्हणाला, "अण्णा माज्या पायाची चवकशी करूक इले गो."

तरीही मी बाळूला सांगितलं नाही. आज, उद्या करत राहिलो. त्याच पावसात पाडेली गेला. बाराव्याला मी गेलो, मागे बसलो आणि सगळ्यांआधी उठलो.

त्यानंतरच्या शनिवारी डाव मांडण्याआधी मी बाळूला फोनवर सांगितलं. अंगठा, बोर्ड, मालकासमोरचं बोलणं, सगळं.

"बाळू, आयकतंस मां?"

"आयकतंय." तो म्हणाला, "दादा, म्हाताऱ्याक बदल म्हणान मालकाक मीच सांगललंय."

"म्हायत आसा."

"लेक खंय ऱ्हवता त्याची?"

"देवबागाक."

"मे म्हयन्यात येतंय मी. दोघांनीय जावया."

मी बरं म्हटलं. आम्ही आता खेळत नाही, पण शनिवारी दुपारी त्याचा फोन येतो. कुणी आधी बोलायचं आणि पाडेलीच्या लेकीला काय सांगायचं, हे अजून दोघांचंही ठरलेलं नाही.