सपनातलं पाणी मोजत नाई

घरी किस्से साचत नाईत. घरी चार तास एका जागी बसते कोण? पोरगा ड्युटीवर, सून गॅसपाशी, नात मोबाइलात. किस्से साचतात आमच्या डायलिसिसच्या वॉर्डात. एक हात मशीनले बांधलेला, दुसऱ्या हातानं माणूस किती वेळ माश्या हाकलन? मंग तोंडच चालते!

माझ्या दोन्ही किडन्या बसल्या. एक दिवसाआड पोरगा मले चरोद्याहून स्कूटरवर भिलाईले आणते. मशीन एका नळीनं रक्त काढते, धुते, दुसऱ्या नळीनं परत देते. धुणं अर्ध्यावर आलं की आंग हलकं होते, डोळे आपोआप मिटतात. पंखा, मशीन, लोकाईचं बोलणं, सगळं पाण्याखालून आल्यावानी वाटते.

पण खरी गोष्ट तहानेची आहे. किडनीच नाई, तर पेलेलं पाणी जाईल कुठी? आंगातच राहते. आधी पाय सुजतात, मंग पाणी छातीत चढते. म्हणून दिवसाचं पाणी एका लहान्या बाटलीत, तेही घोट-घोट. अन् वॉर्डात आलं की पयले वजनकाट्यावर उभं राहा. काटा सगळी चुगली करते!

*

एकदा माझं वजन बम वाढलं. आमची भुनेश्वरी सिस्टर इकडचीच, छत्तीसगढी बोलते. कमरेवर हात ठेवून म्हणे, "दाई, कतका पानी पिये हस?"

मी म्हटलं, "बाटलीतलंच व माय! बाकीचं सपनात पेली."

"सपना के पानी ह नइ गिनाय, दाई!"

सपनातलं पाणी मोजत नाई! सगळा वॉर्ड हासला. पण त्या दिवसापासून आमच्यात 'कसे आहात' बंद झालं. कोणी आलं की पयला सवाल, "काल कोणतं पाणी पेले?"

*

अहिवाऱ्याकडचे साहूजी. तिकडं चुन्याच्या दगडाच्या खदानी आहेत. बंद खदानीत पावसाचं पाणी साचते, हिरवंगार, काचेवानी. साहूजी रोज सपनात तेच पेत. एक दिवस आले ते फार खुशीत. म्हणे, "आज पूरी खदान पी गया! नीचे का पत्थर दिखने लगा!"

बाजूच्या बेडवरून कुंदा खेकसली, "अन् आमच्यासाठी घोटभरही नाई ठेवलं?"

साहूजी बिचारे खरोखर शरमले. दुसऱ्या पाळीले येऊन तिले म्हणे, "बेटी, आज आधी छोड़ के आया हूँ."

*

कुंदाचं नशीबच वेगळं. तिले नदी नाई दिसत, तलाव नाई दिसत. फ्रिज दिसते! दार उघडलं की थंड वाफ, आत बाटल्याच बाटल्या. झाकण फिरवते, बाटली तोंडाले लावते, तेवढ्यात मागून सासूचा आवाज, "मोजून पे व, कुंदा!"

"आजी, सपनातही?" ती मले म्हणे.

मी म्हटलं, "माय, सासू जीव लावते म्हणून सपनातही ड्युटी करून राहिली. तिचा ओव्हरटाइम दे!"

*

डॉक्टरनं माझ्या हातातली एक नस दुसऱ्या नशीले जोडून देली आहे. सुई तिथंच टोचतात. त्या जागी कान लावला की रक्त धावल्याचा आवाज येते, घूंऽऽ घूंऽऽ. तो आवाज बंद म्हणजे हात गेला. म्हणून रोज सकाळी नात येते अन् माझ्या हातावर कान ठेवून पडते. आमचा जलम गेला चरोद्याच्या रेल्वे यार्डाजवळ, मंग पोट्टीले दुसरं काय सुचन?

"आजी, तुझी मालगाडी चालू आहे."

तिच्या केसांचा वास येते, खिडकीबाहेर खरी गाडी जाते, हातातली जाते, कोणती कोणती आहे ते मले कळत नाई. एक दिवस तिनं डोळे मोठे केले. "आजी, आज मालगाडी नहीं, मेल है! कुठी चालली तू?"

*

माझं पाणी माहेरच्या विहिरीचं. भंडाऱ्याकडं आमचं गाव, चिंचेखाली विहीर. एवढं मी वॉर्डात सगळ्याईले सांगितलं. पण पाणी मी कशानं पेते ते कोणाले सांगितलं नाई. आमच्या ह्यांचा पितळी गडवा असते सपनात. हे यार्डात ड्युटीवर नेत, तो एकदा रुळावर पडला अन् काठाले पोचा आला. तोंडाले लावला की पाणी हनुवटीवरून खाली! हे तसेच भिजत अन् हासत. हेही गेले, गडवाही कवाचाच मोडीत गेला. त्याची गोष्ट काढली की रडू येते, अन् सुई टोचून घ्यायच्या वेळी मले रडायचं नसते.

*

आता रामटेके भाऊ. स्टील प्लांटात कोक ओव्हनवर होते, भट्टीच्या तोंडाशी. घामाच्या मिठानं सदरा वाळून उभा राहे म्हणत. "बादलीनं पाणी पेणारा माणूस मी, काकू. अन् आता ही लहानी बाटली!"

सगळ्याईत जास्त तहान त्याईचीच, अन् सपन मात्र एकही नाई. रोज विचारलं की म्हणत, "कोरडा झोपतो, कोरडा उठतो."

एक दिवस सुई निघाल्यावर म्हणाले, "बस झालं. आता मी येणार नाई."

डॉक्टर बोलले, त्याईचा पोरगा बोलला. त्याईची बायको डब्बा घेऊन बाहेर बाकड्यावर जाऊन बसली, पदर तोंडाले लावून. यायचं बंद केलं म्हणजे काय होते, हे वॉर्डात सगळ्याईले माहीत. थोडेच दिवस. मंग छातीत पाणी.

मी म्हटलं, "भाऊ, जायचं तर जा. पण तहानलेले नका जाऊ. माझ्या विहिरीवर या, मी पाणी काढून ठेवते."

"सपनच पडत नाई, तर येऊ कसा?"

"मी सांगते ना रस्ता. गावात शिरलं की उजव्या हाताले चिंच."

खूप दिवसांनी हासले. "बरं. जयभीम, काकू."

पुढच्या पाळीले त्याईचा बेड रिकामा. भुनेश्वरीनं चादर घातली होती, तशीच राहिली. माझा डोळा लागला. विहिरीवर गेली, गडवा काठोकाठ भरून दगडावर ठेवला. मागं कोणाची तरी चाहूल लागली, वळणार तेवढ्यात भुनेश्वरी म्हणे, "दाई, उठ, हो गे." ती सुई काढून राहिली होती.

त्याच्या पुढच्या पाळीले आम्ही सगळे आपापल्या बेडवर. मशीनी लागून गेल्या होत्या. अन् दार उघडलं. एका बाजूनं पोरगा, एका बाजूनं बायको, मधात रामटेके भाऊ! तोंड सुजलेलं, धाप लागलेली. काट्यावर चढले.

भुनेश्वरीनं आकडा पाह्यला अन् कपाळाले हात मारला. "बबा! कतका पानी पिये हस?"

भाऊ काट्यावरून उतरले. धापा टाकत माझ्या बाजूच्या बेडवर पडले, सुईसाठी हात सरळ लांब केला, मंग मान वळवून माझ्याकडं पाह्यलं.

"पाणी गोड होतं, काकू. पण तेवढा गडवा बदला जी. सगळा सदरा भिजला!"