जागा बघितल्याशिवाय

माझ्या साडूंइतका भिंतींवर जीव लावणारा माणूस नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा नसेल. कुणाच्या घरी गेले की ते आधी भिंतीवर दोन टिचक्या मारतात, कान देऊन ऐकतात आणि मगच घरातल्यांकडे वळून "बरं हाय ना?" असं विचारतात. ते माणसांना विचारलं की भिंतीला, हे आजवर कुणाला कळलेलं नाही. आमच्या मेव्हण्याच्या लग्नात सगळे अक्षता घेऊन उभे होते आणि हे कार्यालयाच्या छताकडे बघत होते. "दादा, या स्लॅबची अजून चाळीस वर्षं हायती, बिनघोर ऱ्हावा," असं त्यांनी माझ्या कानात सांगितलं. तोवर मला घोर नव्हता. त्यानंतर मात्र उरलेली मंगलाष्टकं मी वर बघतच ऐकली. आम्ही त्यांना हसायचो खरे. पण लातूरचा भूकंप झाला तेव्हा ते बारावीला होते, आणि तेव्हापासून भिंतीला भेग दिसली की त्यांचा पाय पुढे निघत नाही, हे हसताना आमच्या लक्षात नसायचं.

लातूरला ते घरांचे नकाशे काढायचे. बँकेला कर्ज देण्याआधी घराची किंमत ठरवून लागते, त्याची मोजमापंही तेच घ्यायचे. पण परवाना नसल्यामुळे अहवालावर सही दुसऱ्याची. उन्हात गच्चीवर चढायचं साडूंनी आणि सही करायची त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या एका गृहस्थांनी, तीही गाडीतून न उतरता. एकदा त्या गृहस्थांनी साडूंनी नोंदवलेली एक मोठी भेग अहवालातून सरळ खोडून टाकली. तिसऱ्या दिवशी साडूंनी मूल्यांकनाच्या परवान्याच्या परीक्षेचा अर्ज भरला.

पंचवीस वर्षं घरं मोजणारा माणूस या परीक्षेत नापास होणं अवघड होतं, पण साडूंनी ते दोनदा करून दाखवलं. कायद्याची कलमं त्यांना तोंडपाठ होती, घर जुनं होताना किंमत किती उतरते ते घसाऱ्याचं गणित ते बोटांवर करायचे. गाडी अडायची ती उदाहरणांवर. 'अ या व्यक्तीच्या मालकीची एक इमारत आहे, तिची किंमत काढा,' असा प्रश्न आला की हे हात बांधून बसायचे. "जागा बघितल्याशिवाय किंमत कशी सांगावी, दादा? उद्या तिथं नाला निघाला तर?" चुकीच्या उत्तराला गुण कापतात म्हणून ते सगळी उदाहरणं कोरी सोडून यायचे. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मेव्हणीने बजावलं, "आता एकदाच. नंतर मला ही पुस्तकं घरात दिसायला नको."

तिसऱ्या वेळी परीक्षेचं केंद्र नांदेडला आलं आणि साडू आठ दिवस आधीच आमच्याकडे मुक्कामाला आले. वाचायचे ते मोठ्याने, फेऱ्या मारत. आमच्या आंघोळी, जेवणं सगळं भूसंपादनाच्या कायद्यात होऊ लागलं. मधेच थांबून भिंतीवर टिचकी मारायचे आणि "ताई, तुमच्या किचनच्या भिंतीत ओल हाय बरं का," असं माझ्या बायकोला सांगायचे. बायको शाळेत गणित शिकवते. तिने तीन दिवस हे सोसलं आणि चौथ्या दिवशी पोळपाट बाजूला सारून त्यांच्यासमोर बसली.

"भाऊजी, हा अ म्हणजे कोण माहीत आहे का? आपले कंधारचे मामा. आणि ही इमारत म्हणजे त्यांचं स्टँडमागचं घर. ते बघितलंय ना तुम्ही?"

"हाव, बघितलंय की!" साडू ताठ बसले. "पण मामांच्या घराला मागून रस्ता न्हाई. गणितात तर हाय. तो धरू का?"

"धरा. मामांनी नवीन रस्ता केलाय. पेपरात आहे तेवढंच धरा."

दोन मिनिटांत उत्तर आलं, आणि ते बरोबर होतं. मग ब म्हणजे हदगावची आत्या झाली, क म्हणजे रेणापूरचे त्यांचे चुलते. चार दिवसांत आमचे सगळे नातेवाईक इमारतींचे मालक होऊन बसले.

परीक्षेच्या दिवशी मी केंद्राबाहेर लिंबाखाली थांबलो होतो. पेपर संपला की निकाल तिथेच संगणकाच्या पडद्यावर दिसतो. साडू बाहेर आले, माझ्याकडे न बघता माझ्यासमोरून पुढे गेले आणि शेजारच्या रसवंतीच्या बाकावर बसले. जवळ गेलो तर हातातला कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. पास.

"मामांचं घर आलं होतं," ते म्हणाले आणि त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. "समद्यात शेवटी. सोडवलं मी."

त्यांनी एकामागून एक तीन ग्लास रस घेतला. घरी येऊन बूट घालूनच दिवाणावर आडवे झाले ते संध्याकाळी उठले. बायकोने पुस्तकं बांधून ठेवली, साखरभात केला आणि कित्येक दिवसांनी आमच्या घरात फक्त पंख्याचा आवाज ऐकू आला. इतकं हलकं आम्हाला आमच्या मुलीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

आता अहवालावर त्यांची स्वतःची सही असते आणि भेग असली तर ती अहवालात असतेच. काम इतकं वाढलंय की नांदेडला आले तरी दारातच चहा घेऊन जातात. परवा बायकोला त्यांचा फोन आला.

"ताई, चार दिवस येऊन ऱ्हावं म्हणतो."

"आता कुठली परीक्षा काढली?"

"परीक्षा न्हाई. उगंच."

बायको म्हणाली, "या की. उद्याच या."

"हाव, येतो," ते म्हणाले, आणि तेवढ्यात कुणीतरी त्यांना मोजायच्या घराच्या गच्चीवरून हाक मारल्याचं फोनवर ऐकू आलं.