मामा, चप्पल घालू का?

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. इथं या ग्रुपवर असले अनुभव लिहिणारे बहुतेक जण याच वाक्यानं सुरुवात करतात, वाचलंय मी. फरक एवढाच, की मी बिरोबाचा पुजारी आहे.

कवठे महांकाळच्या पूर्वेला माळावर आमचं देऊळ. पुढे फरशीचं अंगण, कडेला एक लिंब, पलीकडे द्राक्षबागा. मी मलकापूरला टायरच्या दुकानात कामाला होतो. वडील गेले आणि पुजारीपण माझ्याकडे आलं. ज्यांना बाहेरची बाधा झालीय त्यांना आमच्याकडे अमावास्येला आणतात. पुजाऱ्याच्या अंगात देव येतो, भंडारा लावतो आणि आत शिरलेल्याला घालवतो... वडिलांच्या अंगात यायचा, निदान मला तसं वाटायचं. माझ्या अंगात कधीच आला नाही. मी नुसता घुमायचो. वडिलांसारखी मान हलवायची, वडिलांसारखा आवाज काढायचा. हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

शालन आमच्या गावची लेक. माझ्या धाकट्या बहिणीची मैत्रीण, मला दादा म्हणणारी. कुंडलला दिलेली, नवरा फौजी. त्यांची एकुलती एक मुलगी ईश्वरी, पहिलीत होती, डेंग्यूनं गेली. काही महिन्यांनी शालन त्या पोरीच्या आवाजात बोलायला लागली.

अमावास्येला भर दुपारी फौजी तिला घेऊन आला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "पुजारी, मला पप्पा म्हणती ओ ती. सोत्ताची बायकू! सुट्टी संपत आलीया माजी... अशी सोडून कसा जाऊ?"

"दवाखाना केला?"

"सांगलीला दाखवलं की. गोळी दिली की झोपती. उठली की पुन्ना पप्पा."

तिला माझ्यासमोर बसवलं. सभामंडप माणसांनी भरलेला. मी घुमायला लागलो. तिच्या कपाळाला भंडारा लावला आणि दरडावलं, "कोण हाईस? कुटनं आलीस?"

शालन मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिली. मग बारीक आवाजात म्हणाली, "मामा, तुमी खोटं खोटं करताय व्हय?"

मागं एक बाई फिस्सकन हसली.

"तुमच्या अंगात कुणीच न्हाई की."

चिडवत नव्हती ती. लहान पोरं डबा उघडून बघतात आणि रिकामा हाय म्हणतात ना — तसं म्हणाली.

"देवाला उलट बोलतंय!" कुणीतरी ओरडलं. "सोडू नगा पुजारी त्याला!"

वडिलांनी मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. घालवायच्या आधी जागा द्यायची. झाड, दगड, ओढा — कुठं जाऊन राहायचं ते सांगायचं, मगच जा म्हणायचं. त्या दिवशी मला एवढंच कळत होतं, की गाव ऐकतंय आणि ही पोर अजून काहीतरी बोलेल. मी ओरडलो, "बिरोबाची आण हाय तुला! नीघ! आत्ताच्या आत्ता नीघ!"

तिचा खालचा ओठ थरथरला. तिनं बाहेर अंगणाकडं बघितलं.

"फरशी लय तापलीया, मामा. चप्पल घालू का?"

"नीघ म्हणतो न्हवं!"

शालन मागं कलंडली. अंगणाच्या कडेला लिंबाखाली मेंढरं उभी होती, उन्हाची राहतात तशी एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून. ती मधोमध फाकली. फार नाही, एक लहान पोर जाईल एवढीच वाट झाली. मग कळप पुन्हा मिटला. राखणीचा म्हातारा दचकून उठला, "आयला, कशाला बुजली रं ही?"

शालननं स्वतःच्या आवाजात पाणी मागितलं. फौजी माझ्या पाया पडला आणि देवळामागं जाऊन हुंदके देऊन रडला.

मेंढरं कशालाही बुजतात. दुःखानं माणूस कुणाच्याही आवाजात बोलू शकतं. माझं सोंग शालनला आधीपासूनच कळलेलं असेल. हे सगळं मी स्वतःला सांगून झालंय, तुम्ही नव्यानं सांगू नका.

गेल्या उन्हाळ्यात शालन एकटीच आली. पिशवीतून लहान गुलाबी चपला काढून तिनं पायरीवर ठेवल्या.

"दादा, तिला म्हागारी बोलवा की."

त्या दिवशी मी खरं बोललो. "शालन, माझ्या अंगात कवाच कोण आलं न्हाई. तवा बी न्हवतं."

"ठावं हाय. ती म्हणालीच हुती न्हवं."

"मग ती गेली कशी? कुणाच्या शब्दावर गेली?"

ती चपलेचा पट्टा लावत होती, काढत होती. "लय ऐकणारी हुती ओ. मोठं माणूस रागं भरलं की गप उठून जायची." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "जाऊन कुठं बस म्हणालासा तिला, दादा?"

मी काहीच म्हणालो नव्हतो.

आता मी घुमत नाही. गुडघे धरलेत म्हणून सांगतो. त्या दिवशी नेमकं काय झालं, मला आजही माहीत नाही. चपला पायरीवर आहेत, तशाच. ऊन चढलं की मी अंगणातल्या फरशीवर पाणी मारतो. धूळ बसायला, असं लोकांना सांगतो.